अंगणातील पक्षीगणना

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात राज्यातील रस्ते ओस पडले. रविवार, २२ मार्च रोजी जनता संचारबंदी पाळण्यात आली. पाठोपाठ महाराष्ट्रात संचारबंदी जारी झाली आणि २५ मार्चपासून सबंध देशात एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. पुढे तिची मुदत टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. बाजार, शाळा, एस.टी., लोकल गाड्या, सारे थांबले. हातावर पोट असणाऱ्यांचे या काळात जे हाल झाले, शहरे सोडून पायी निघालेल्या मजुरांनी जे सोसले, त्यापुढे प्रस्तुत लेखाचा विषय लहान आहे हे आरंभीच सांगितले पाहिजे. घरात अडकून पडलेल्या लोकांनी खिडकीतून, गच्चीवरून, परसदारातून पक्षी मोजले, एवढाच तो विषय. मात्र त्या मोजणीची जी रीत आहे ती ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या उपयोगाची असल्यामुळे तिचा परिचय करून घेणे अगत्याचे ठरते.

पक्षीनिरीक्षण म्हटले की दूरचे पाणवठे आणि अरण्ये डोळ्यांपुढे येतात. रोहित पाहावयाचे तर भिगवण, हिवाळी बदके पाहावयाची तर नांदूर मध्यमेश्वर, रानपिंगळा पाहावयाचा तर मेळघाट, असा निरीक्षकांचा प्रघात आहे. टाळेबंदीने तो मोडला. दुर्बीण गळ्यात घालून पहाटे चारला घर सोडणारी माणसे स्वतःच्या गॅलरीत येऊन बसली आणि समोरच्या तारेवरील होल्याकडे पाहू लागली. अशा वेळी 'बर्ड काउंट इंडिया' या पक्षीविषयक संस्था व गटांच्या समूहाने घरूनच पक्षी मोजण्याचे आव्हान निरीक्षकांपुढे ठेवले. देशोदेशी अशीच आवाहने झाली. ९ मे २०२० रोजी झालेल्या जागतिक पक्षीगणना दिनी, आपापल्या देशातील निर्बंध पाळून, पन्नास हजारांहून अधिक लोकांनी एक लाख वीस हजारांच्या आसपास याद्या सादर केल्या. त्या एका दिवसात जगातील जवळजवळ साडेसहा हजार जातींची नोंद झाली. बहुतेकांना दूर जाण्याची मुभा नसतानाही सहभागी लोकांचा आणि याद्यांचा आकडा मागील सर्व वर्षांहून मोठा होता.

यात स्पर्धा होती, पण ती दुर्मिळ पक्षी कोणाला दिसला याची नव्हती. रोज न चुकता याद्या कोण करतो, याची ती होती. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेल्या आजी आणि पस्तीस वर्षे जंगल तुडवलेला निरीक्षक या दोघांना त्यात एकच नियम लागू होता.

यादी म्हणजे काय?

हा नियम समजून घेतल्याखेरीज पुढील सारे व्यर्थ आहे. एका ठिकाणी उभे राहून किंवा बसून किमान पंधरा मिनिटे लक्षपूर्वक पाहावयाचे व ऐकावयाचे. तेवढ्या वेळात ओळखता आलेली प्रत्येक जात लिहावयाची, आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी दिसले तो आकडा पुढे मांडावयाचा. तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले आणि जागा कोणती, या चार गोष्टी वर नोंदवावयाच्या. झाली यादी.

यातील 'प्रत्येक जात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कावळा काय रोजचाच, म्हणून तो लिहावयाचा नाही आणि हळद्या दिसला की मात्र दोन ओळी लिहावयाच्या, ही सर्वसाधारण प्रवृत्ती असते. अशा वहीवरून कोणी निष्कर्ष काढू गेले तर त्या गावात कावळे नाहीत आणि हळदे पुष्कळ आहेत असे दिसेल. उलट यादी संपूर्ण असेल तर तीत जे लिहिलेले नाही त्यालाही अर्थ प्राप्त होतो. पंधरा मिनिटांच्या पूर्ण यादीत चिमणी नसेल, तर पाहणाऱ्याने पाहिले होते आणि तरीही ती आढळली नाही, असे म्हणता येते. न दिसलेल्या पक्ष्याची ही नोंद फार मोलाची असते. ऱ्हासाची पहिली खूण तीच असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावातील दहा घरांनी आठवडाभर रोज सकाळी पंधरा मिनिटे नोंद केली. सत्तर याद्या जमल्या. त्यांपैकी ५६ याद्यांत चिमणी आहे. म्हणजे शंभरी हिशेबाने ८० टक्के. भारद्वाज २१ याद्यांत आहे. म्हणजे ३० टक्के. पुढील वर्षी त्याच आठवड्यात, त्याच घरांतून, तेवढ्याच वेळात सत्तर याद्या केल्या आणि चिमणी ४२ याद्यांत आढळली, तर प्रमाण ६० टक्क्यांवर आले. एवढ्यावरून चिमण्या नाहीशा होऊ लागल्या असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. कदाचित त्या आठवड्यात खळी गावाबाहेर चालू असतील, कदाचित अवेळी पाऊस झाला असेल. परंतु चार-पाच वर्षे आकडा उतरताच राहिला तर मात्र विचार करावयास हवा. देशातील पक्ष्यांची स्थिती तज्ज्ञ ठरवितात ती मुळात याच त्रैराशिकाने. त्यावर पुढे संख्याशास्त्राचे संस्कार होतात, इतकेच.

मोजताना एक चूक हमखास घडते. तीच साळुंकी तीनदा तारेवर येऊन बसली की तीन साळुंक्या लिहिल्या जातात. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त जेवढे पक्षी एकत्र दिसले तोच आकडा धरावा. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढ्या आकाराचे किती गट आहेत याचा अंदाज घ्यावा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. दोन मराठी नावांच्या मध्ये लटकणाऱ्या नोंदीपेक्षा रिकामी जागा बरी.

या याद्या 'ई-बर्ड' या संगणकीय नोंदकोशात जमा होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. मोबाईलवरून यादी भरता येते. एखादी नोंद त्या जागी वा त्या ऋतूत असंभवनीय वाटली तर जाणकार स्वयंसेवक ती तपासतात आणि नोंदविणाऱ्याकडे विचारणा करतात. ज्यांच्याजवळ मोबाईल नाही त्यांनी वहीत नोंद ठेवली आणि महिन्याअखेर शाळेतील कोणी ती भरली, तरी चालते.

आकड्यांतील पोकळी

अंगणातील कावळे-चिमण्या मोजून कोणाचे काय भले होणार, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका अहवालात आहे. टाळेबंदीच्या जेमतेम महिनाभर आधी, १७ फेब्रुवारी २०२० रोजी, गांधीनगर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला सर्वंकष अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपंधरा हजार हौशी निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी त्याच्या मुळाशी होत्या. त्यात ८६७ जातींचा विचार करण्यात आला. पण दीर्घ काळात संख्या वाढली की घटली हे सांगता आले ते अवघ्या २६१ जातींविषयी. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या सहाशेवर जातींविषयी पुरेशा नोंदीच नव्हत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसरा अहवाल आला. निरीक्षक तीस हजारांवर आणि नोंदी तीन कोटींवर पोहोचल्या होत्या, विचारात घेतलेल्या जाती ९४२ झाल्या. तरीही दीर्घकालीन कल सांगता आला तो ३३८ जातींचाच. न सांगता येणाऱ्या जातींचा आकडा सहाशेच्या आसपास तसाच राहिला.

ही पोकळी का राहते? निरीक्षक जेथे पक्षी भरपूर तेथे जातात आणि सुट्टीच्या दिवशी जातात. एकाच जागी वर्षभर, दर आठवड्याला बसून केलेल्या याद्या त्यामुळे कमी पडतात. सामान्य वस्ती, कोरडवाहू शिवार, तालुक्याच्या गावचा एस.टी. स्थानकाजवळचा भाग, यांची नोंद करावयास मुद्दाम कोणी जात नाही. टाळेबंदीत निरीक्षक जेथे राहत होते तेथेच थांबल्याने अशा दुर्लक्षित जागांच्या याद्या आपोआप होऊ लागल्या.

चिमणीचेच पाहा. चिमणी संपत चालली, असे गेली वीस वर्षे सर्वत्र बोलले जाते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो, तोही याच काळजीपोटी. पहिल्या अहवालाने या समजुतीत मोलाची दुरुस्ती केली. देशभराचा विचार करता चिमणीची संख्या सुमारे पंचवीस वर्षांत बहुतांशी स्थिर राहिली आहे. घट झाली आहे ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद या महानगरांत. मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या गेल्या, या लोकप्रिय समजुतीस अहवालात आधार सापडला नाही. घरटे करावयास वळचण नाही आणि पिलांना भरवावयास किडे नाहीत, ही कारणे अधिक संभवनीय मानली जातात. कौलारू घर पाडून सिमेंटचे सपाट छत घालणारी आपली गावेही आता त्याच वाटेवर आहेत. तेथे काय घडते आहे हे कळावयाचे तर मोजणी गावातच व्हावयास हवी.

पक्षी वाढले की कान उघडले?

टाळेबंदीच्या दिवसांत वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरून एकच वार्ता फिरत होती: माणूस घरात बसला आणि निसर्ग परतला. नवी मुंबईच्या खाडीतील रोहितांचे गुलाबी थवे छायाचित्रांतून घरोघर पोहोचले. पण रोहित तेथे दर हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यात मोठ्या संख्येने असतात, हे ठाणे खाडीच्या काठी राहणाऱ्यांना नवे नव्हते. मग खरेच काही बदलले होते काय?

स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात याचा पद्धतशीर शोध घेण्यात आला. तेथील पक्षीविज्ञान संस्थेने 'मी घरी थांबतो' अशा अर्थाच्या नावाने घरबसल्या पक्षीनोंदीची मोहीम काढली होती. शहरात आढळणाऱ्या सोळा नेहमीच्या जातींच्या त्या नोंदी मागील वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा पक्षी शहरात अधिक प्रमाणात आल्याचा पुरावा मिळाला नाही. पहाटेच्या वेळी मात्र ते पूर्वीपेक्षा सहज आढळू लागले होते. वाहनांच्या गोंगाटामुळे पूर्वी पहाटेचे गाणे दबून जात असे. ते आता मोकळे झाले होते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे याहून सूक्ष्म निरीक्षण झाले. डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या तेथील एका चिमणीवर्गीय पक्ष्याच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे करीत होते. २०२० च्या वसंतात गोल्डन गेट पुलावरील रहदारी १९५४ च्या पातळीवर उतरली होती. तेव्हा हे पक्षी हळू आवाजात गाऊ लागले आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावरून ऐकू येऊ लागले. गोंगाटात ओरडून बोलावे लागते, शांततेत लागत नाही. अमेरिका व कॅनडा येथील ४३ लाख नोंदींच्या आणखी एका अभ्यासात मात्र ८२ पैकी ६६ जातींच्या वावरात फरक आढळला. बऱ्याच जाती शहरांजवळ, मोठ्या रस्त्यांजवळ आणि विमानतळांजवळ वाढल्या होत्या. तेव्हा उत्तर सर्वत्र एकच नाही. आधीच्या वर्षांच्या याद्या हाताशी होत्या म्हणूनच ते शोधता आले, हे येथे ध्यानात घ्यावे. जेथे पूर्वीची मोजणीच नव्हती तेथे 'निसर्ग परतला' हे वाक्य खरे की खोटे, ठरविण्यास काही साधन उरले नाही.

किहीमची बाग

घराजवळच्या पक्ष्यांकडे पाहून काही नवे हाती लागते काय, या शंकेचे उत्तर महाराष्ट्रातच फार पूर्वी मिळाले आहे. १९३० मध्ये सलीम अली जर्मनीतून शिक्षण घेऊन परतले तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. पत्नी तहमिना यांच्या कुटुंबाचे अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठी घर होते. तेथे ते दोघे राहावयास गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने सलीम अली रोज त्या घरट्यांकडे पाहत बसले. कोणता नर कोणते घरटे विणतो, मादी येऊन ते कसे तपासते, पसंत पडले तर कशी आत जाते, याची त्यांनी तारीखवार नोंद ठेवली. त्यातून असे निष्पन्न झाले की, एक नर अर्धवट विणलेले घरटे मादीला दाखवितो, तिने ते स्वीकारल्यावर पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. शेतकऱ्याच्या विहिरीवर लोंबणारी ही घरटी शतकानुशतके सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. कोणी रोज बसून पाहिले नव्हते, इतकेच. पुढे जगभर कीर्ती पावलेल्या या शास्त्रज्ञाचे पहिले मोठे संशोधन बेकारीच्या दिवसांत, घराजवळ झाले.

किहीमला सुगरणीची वसाहत होती, सगळीकडे ती नसते. परंतु चैत्र ते आषाढ या काळात मराठी मुलखातील कोणत्याही घराभोवती पाहण्यासारखे बरेच असते. मार्चअखेर टाळेबंदी सुरू झाली तेव्हा पांगारा आणि काटेसावर यांचा बहर ओसरत आला होता आणि ज्वारीच्या शिवारात हिवाळाभर उतरणारे भोरड्यांचे थवे परतीच्या वाटेवर होते. मध्य आशियात जाऊन ते वीण करतात. ज्याने रोज यादी केली त्याला भोरड्या शेवटच्या कधी दिसल्या ती तारीख मिळाली. एरवी त्या केव्हा गेल्या हे कोणाला कळत नाही. धोबी पक्ष्याचेही तसेच. उन्हे चढू लागली की तांबटाचे टुक्-टुक् दिवसभर चालते. आवाज सर्वांच्या ओळखीचा असतो, पण तो करणारा हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर तांबडा ठिपका असलेला पक्षी अनेकांनी पहिल्यांदा पाहिला तो याच दिवसांत. कुंडीतल्या झाडावर बुलबुलाने, वाळत घालावयाच्या दोरीवर शिंजीराने, पानांना टाके घालून शिंप्याने घरटे केले. कोकिळेच्या बाबतीत तर घरोघरी वाद झडावयास हरकत नाही, कारण गाणारा पक्षी काळा नर असतो आणि मादी ठिपकेदार, तपकिरी असून तिला कोणी कोकिळा म्हणून ओळखतच नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. कावळी आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या पिलाला भरवीत असल्याचे दृश्य मे-जूनमध्ये खिडकीतून दिसू शकते. घरट्याच्या जवळ जाऊन छायाचित्रे घेण्याचा मोह मात्र टाळावा. पाहणारा जवळ आला की मादी उठते आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

नावांची अडचण

गावपातळीवर यादी करू लागले की पहिली अडचण नावांची येते. भारद्वाज कोठे कुंभारकावळा असतो, कोठे सोनकावळा, कोठे कुक्कुडकोंबा. पुस्तकातील नाव गावात कोणाला ठाऊक नसते आणि गावातील नाव पुस्तकात नसते. वनखात्यात दीर्घकाळ सेवा केलेले मारुती चितमपल्ली यांनी आपल्या पक्षिकोशात ठिकठिकाणची अशी नावे एकत्र केली, हे त्यांचे मराठीवरील मोठे ऋण होय. २०२५ मध्ये ते निवर्तले. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून यादी करून घेताना गावातील नाव आधी लिहून घ्यावे आणि प्रमाण नाव नंतर शोधावे. मुलाला शुद्ध नाव ठाऊक नाही म्हणून नोंद खोडू नये. गुराख्याला, मासे धरणाऱ्याला किंवा पारध्याला जे नाव ठाऊक असते त्यामागे पक्ष्याचा आवाज, वागणूक वा ऋतू असतो. पावश्याच्या हाकेत शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकू येते, ते उगाच नव्हे. पाऊस जवळ आला की ती हाक वाढते.

नोंदवहीचा प्रश्न

हा विषय पंचायत सदस्यांच्या थेट जबाबदारीशी येऊन भिडतो तो येथे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची आहे आणि त्या समितीने स्थानिक लोकांच्या सल्ल्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. काम बरीच वर्षे रेंगाळले. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मुदत घालून दिली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पुऱ्या करा, अन्यथा फेब्रुवारीपासून राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील. मुदतीच्या धाकाने काम झाले तर कसे होते हे प्रशासनातील कोणासही सांगावयास नको. शेजारच्या गावची पक्ष्यांची यादी उतरवून घेतली तरी रकाने भरतात. पण ज्या गावात नदी नाही त्या गावच्या वहीत खंड्या आणि पाणकावळा आला, तर ती वही वाचणाऱ्याच्या लक्षात यावयास वेळ लागत नाही.

नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवावयाची नसते, ती वेळोवेळी सुधारावयाची असते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. टाळेबंदीतील रीत नेमकी येथे उपयोगी पडते. दहा घरे, रोजची नव्हे तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे, शाळेची एक वही, आणि वर्षातून दोनदा तिचा गोषवारा समितीपुढे, एवढ्याने पक्ष्यांचा भाग तरी खरा आणि ताजा राहील. तिला निधी लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अंगणातील पक्षी उघड्या डोळ्यांनी दिसतात. शाळा बंद असताना ज्या मुलांच्या घरी मोबाईल नव्हता ती शिक्षणापासून तुटली, हा अनुभव ताजा आहे. वही-पेन्सिलीवर चालणारा असा उपक्रम त्यांनाही पारखा राहिला नसता. तो मोजक्या शाळांपलीकडे गेला नाही, ही खेदाची बाब होय.

नित्याच्या पक्ष्यांची संख्या ठाऊक असण्याचा आणखी एक उपयोग जानेवारी २०२१ मध्ये दिसून आला. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथील कोंबड्यांत बर्ड फ्लूचा संसर्ग आढळला, आणि राज्यात निरनिराळ्या ठिकाणी मेलेल्या कावळ्यांतही तो निष्पन्न झाला. पशुसंवर्धन विभागाला अशा वेळी लोकांकडून हवी असते ती एकच माहिती: मृत पक्षी कोठे आणि किती. एखाद्या वडावर रोज संध्याकाळी किती कावळे उतरतात हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावाला त्यात घट झालेली त्याच आठवड्यात उमगेल. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे, ही सूचना येथेही लागू आहे.

वर्षातले दिवस

मोजणी कधी सुरू करावी, यासाठी दिनदर्शिका तयारच आहे. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस अंगणातील पक्ष्यांची जागतिक गणना होते. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारत २०१३ पासून भाग घेतो आणि त्याच दिवसांत शाळा-महाविद्यालयांच्या आवारांतही मोजणी होते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा सप्ताह २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा केला जातो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. सप्ताहात प्रभातफेरी आणि निबंधस्पर्धा होतात, त्यांच्या जोडीला पंधरा मिनिटांची एक यादी ठेवली तर पुढील नोव्हेंबरात तिच्याशी ताडून पाहण्यास काहीतरी हाती राहील.

यांखेरीज एक नोंद अशी आहे की तिला सप्ताहाची गरज नाही. मे संपत आला की आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या मागोमाग चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, लांब शेपूट, तारेवर वा बाभळीच्या शेंड्यावर बसून मोठ्याने ओरडणारा हा पक्षी ओळखावयास कठीण नाही. देशांतर करून येणारे पक्षी प्रथम केव्हा दिसतात याच्या नोंदी २००७ पासून देशात पद्धतशीर गोळा होऊ लागल्या आणि चातकाच्या आगमनाकडे त्यात विशेष लक्ष पुरविले गेले. तो गावात पहिल्यांदा दिसला त्या दिवसाची तारीख, वेळ आणि शिवाराचे नाव शाळेच्या वहीत लिहावे; त्याच पानावर तलाठी कार्यालयातून पहिल्या पावसाची तारीख आणि मिलिमीटर मिळवून नोंदवावे.